ट्वीटर कुठं लावायचे? भोक पाडायच्या आधी सीटवर बसून ऐका

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. गाडी वॅगन-आर, साडेसहा इंचाचा कंपोनंट सेट (जाड आवाजाचा वूफर अन् बारीक आवाजाचा छोटा ट्वीटर वेगवेगळे असतात तो) घेतला, वूफर पुढच्या दोन्ही दरवाज्यात बसले, अन् आता ट्वीटरवर गाडी अडली आहे. दुकानवाला म्हणतो डॅशवर डबल टेपनं चिकटवून देतो, दहा मिनिटाचं काम आहे. चुलतभाऊ म्हणतो पिलरमध्ये, म्हणजे समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबात, भोक पाडून बसव. तिसऱ्यानं सांगितलं दरवाज्यात वूफरच्या बाजूलाच लाव, कंपनीही तिथंच देते. तिघंही थोडेथोडे बरोबर आहेत, पण तुमच्या सीटवर बसून तुमच्या गाडीत काय ऐकू येतं हे तिघांपैकी कोणीच ऐकलेलं नाही, आणि सगळा निकाल तिथंच लागतो.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी अठरा वर्षांपासून हेच काम करतो. बोलेरो, ईको, स्विफ्ट, अल्टो, कास्तकारांच्या पिकअप, लग्नाच्या गाड्या, सगळं हातून गेलं. त्यात महागाचा सेट बेसूर वाजताना जितक्यांदा पाहिला तितक्यांदा कारण एकच निघालं, ट्वीटरची जागा आणि त्याचं तोंड. चार हजाराचा सेट नीट जागी बसवला तर तो चुकीच्या जागी बसलेल्या पंधरा हजाराच्या सेटला मागं टाकतो, हे मी गिऱ्हाईकाला शेजारी बसवून ऐकवलेलं आहे.

आधी कानाचं गणित समजून घ्या, मग जागा आपोआप समजेल. घरी आपण दोन स्पीकरच्या मधोमध बसतो. गाडीत तसं नसतं, आपण उजव्या बाजूला बसतो. उजवा ट्वीटर डोक्यापासून साधारण ७५ सेंमीवर येतो आणि डावा सव्वा मीटरवर. म्हणजे ५० सेंमीचा फरक. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंमी जातो, म्हणजे डाव्याचा आवाज जवळपास दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. दीड मिलिसेकंद म्हणजे काही नाही असं वाटते, पण कानाला ते खूप असतं. जो आवाज आधी येतो तिकडूनच सगळा आवाज येतोय असं कान धरून चालतो, मागून येणारा थोडा मोठा असला तरी. हेल्मुट हास नावाच्या जर्मन संशोधकानं १९४९ मध्ये यावरच प्रबंध लिहिला, म्हणून याला हास इफेक्ट म्हणतात. त्यामुळं गायक डॅशच्या मधात बसायच्या ऐवजी तुमच्या उजव्या आरशात जाऊन बसतो. डवरा (बैलांनी ओढायचं निंदणीचं अवजार) चालवताना एक बैल हातभर पुढं गेला की डवरा तिरपा जातो अन् ओळीतली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, कापली जाते ना, अगदी तसंच. दोन्ही बैल बरोबरीनं चालले पाहिजेत.

दुसरी गोष्ट तोंडाची. बारीक आवाज टॉर्चच्या उजेडासारखा सरळ जातो, जाड आवाज सगळीकडं पसरतो. ट्वीटरचा घुमट एक इंचाचा, म्हणजे २५ मिमी. आवाजाच्या लाटेची लांबी घुमटाच्या रुंदीएवढी आली की आवाज पसरायचा बंद होऊन समोरच जायला लागतो, आणि एक इंचाच्या घुमटाला हे साधारण १३,००० हर्ट्झच्या आसपास होतं. त्याच्या खाली तो बऱ्यापैकी पसरतो. पण साडेसहा इंची वूफरला हेच २,०००-२,५०० लाच सुरू होतं, आणि वूफर तर तुमच्या गुडघ्याकडं तोंड करून बसलाय. म्हणून माणसाच्या आवाजातला स्पष्टपणा, टाळ, झांज, ‘स’ अन् ‘श’, हे सगळं ट्वीटरच्या भरवशावर असतं, आणि त्याचं तोंड कुठं आहे यावर निम्मा खेळ आहे.

आता एकेक जागा घेऊ.

दरवाज्यात खाली, वूफरच्या बाजूला. याचा एक फायदा खरा आहे, वूफर आणि ट्वीटर जवळजवळ असले की दोघांचा आवाज एकाच ठिकाणाहून येतो, फुटत नाही. पण आवाजाची उंची कानाला कळते ती मुख्यतः बारीक आवाजावरून, कानाच्या पाळीच्या घड्यांतून तो कसा येतो त्यावरून. ट्वीटर खाली गेला की गाणाराही खाली गेला. मागच्या उन्हाळ्यात आर्णीकडचे एक काका आले होते, गाडी नवीच, सेटही चांगला, पण चेहरा पडलेला. म्हणे, "भाऊ, आवाज पार गुडघ्यातून येते ना, बुवा खाली बसून भजन म्हणते असं वाटते." त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. वरून त्यांचा पाय आणि शेजारी बसणाऱ्याचं धोतर दोन्ही ट्वीटरच्या आड येत होते. तर ही जागा तुमच्यासाठी नाही.

किक पॅनल, म्हणजे पायाशी दोन्ही कोपऱ्यात. तिथून दोन्ही बाजूंचं अंतर जवळजवळ सारखं मिळतं म्हणून स्पर्धेच्या गाड्यांमध्ये लोक तिथं लावतात. पण आपल्याकडं वावरातून चिखलाचे पाय घेऊन लोक गाडीत बसतात, उजव्या कोपऱ्यात बॉनेटचा खटका असतो, लाथ लागते. सोडून द्या.

डॅशवर कोपऱ्यात, तुमचा दुकानवाला म्हणतो ती जागा. इथं मला जरा सविस्तर सांगू द्या कारण सगळ्यात जास्त गाड्यांत हेच होतं. ट्वीटर डॅशवर ठेवून तोंड वर, काचेकडं केलं की तुमच्या कानात दोन आवाज येतात, एक सरळ ट्वीटरकडून आणि एक काचेवर आपटून. समजा काचेवरून येणारा ५ सेंमी जास्त चालून आला. मग ज्या आवाजाची लाट १० सेंमीची आहे, म्हणजे साधारण ३,४०० हर्ट्झ, तिथं एक लाट वर असताना दुसरी खाली असते आणि दोघी एकमेकींना खातात. त्याच्या वर थोडं गेलं की एकमेकींना वाढवतात, पुन्हा खातात, असं कंगव्याच्या दातासारखं होत जातं. बरोब्बर त्याच पट्ट्यात माणसाच्या आवाजातली व्यंजनं असतात. मग काही शब्द टोचतात अन् काही शब्द दिसेनासे होतात, आणि आपण म्हणतो सेटच खराब निघाला.

डॅशवर अजून एक अडचण आपल्या भागातली. बहुतेक गाड्यांत डॅशच्या वर शेगावच्या गजानन महाराजांची मूर्ती असते, बाजूला पाण्याची बाटली, टोलच्या पावत्या, पंचा. मूर्ती ७-८ सेंमी रुंद असते, आणि १०,००० हर्ट्झची लाट असते साडेतीन सेंमीची. म्हणजे ट्वीटर मूर्तीच्या मागं गेला तर वरचे सूर तिथंच अडतात. महाराजांची जागा हलवू नका, ट्वीटर हलवा. उजव्या बाजूला मीटरचं टोपरं आणि स्टिअरिंग आड येतं ते वेगळंच. आणि डाव्या बाजूला डॅशमध्ये शेजारच्या सीटची एअरबॅग असते, त्या झाकणावर काहीही चिकटवायचं नाही, ट्वीटर नाही, मूर्ती नाही, सेंटची बाटली नाही. बॅग फुटली तर ती वस्तू थेट माणसाच्या तोंडावर येते.

ऊनही धरा. मे अखेरच्या नवतप्यात आपल्याकडं ४५-४६ डिग्री असते, काचा लावून बाजारात उभ्या केलेल्या गाडीचा डॅश ७० च्या वर जातो, हात टेकवत नाही. डबल टेपचा गोंद त्यात मऊ होतो अन् संध्याकाळी ट्वीटर वायरवर लोंबकळत असतो. छोट्या ट्वीटरमध्ये निओडिमियमचं मॅग्नेट असते, साध्या प्रकारचं हे मॅग्नेट ८० डिग्रीपर्यंतच वापरायचं असते, त्यापुढं त्याची ताकद कमी व्हायला लागते आणि ती परत येत नाही. डॅशवर थेट उन्हात ठेवलेला ट्वीटर त्या हद्दीच्या अगदी जवळ जातो. दोन उन्हाळ्यांनंतर आवाज बसला म्हणून लोक येतात तेव्हा मी पहिले हेच विचारतो, डॅशवर होता का.

ए-पिलर, चुलतभावाची जागा. आवाजाच्या हिशेबानं फार चांगली, उंची मिळते, काचेपासून थोडं दूर, तोंड हवं तसं वळवता येतं. पण पहिले गाडीला किती एअरबॅग आहेत ते बघा. सहा एअरबॅगवाल्या गाडीत बाजूची पडदा बॅग छताच्या कडेनं घडी करून ठेवलेली असते आणि बऱ्याच गाड्यांत ती पिलरच्या आतून सुरू होते. पिलरच्या प्लास्टिकवर एअरबॅग असं कोरलेलं असेल तर त्या पिलरला हात लावायचा नाही, विषय संपला. माझ्याकडं एक गाडी आली होती, दुसरीकडं कुठंतरी काम केलेली, तक्रार फक्त एवढीच की डावा ट्वीटर खरखरतो. मी पिलरची पट्टी काढली तर दीड इंची स्क्रू आरपार गेलेला आणि त्याचं टोक बॅगेच्या घडीच्या कापडाला टेकलेलं. मालक शेजारी उभा होता, त्याला बोट लावून दाखवलं, त्याची दोन लेकरं मागच्या सीटवर बसून खेळत होती. त्या दिवसापासून मी बॅगवाल्या पिलरचं काम घेतच नाही, कोणी कितीही पैसे देऊ द्या. तुमच्या गाडीत पुढच्या दोनच बॅग असतील तर पिलर चालेल, पण तरी पट्टी काढून आत काय आहे ते डोळ्यानं पाहूनच.

आता माझी आवडती जागा. आरशाच्या आतल्या बाजूचा तिकोना, दरवाज्याच्या काचेच्या पुढच्या कोपऱ्यात असतो तो प्लास्टिकचा त्रिकोण. बऱ्याच कंपन्या वरच्या मॉडेलमध्ये स्वतः तिथंच ट्वीटर देतात. उंची डॅशच्या थोडी वर, थेट ऊन कमी, एअरबॅग नाही, समोरच्या काचेपासून लांब, वूफरही त्याच दरवाज्यात म्हणून फारकत कमी, आणि सगळ्यात मोठं म्हणजे काम बिघडलं तर तो तिकोना स्वस्तात नवा मिळतो, पूर्ण पिलरची पट्टी नाही. तुमच्या गाडीला मी हीच जागा सांगेन.

पण तिकोना म्हटलं म्हणून उद्याच होल सॉ (गोल भोक पाडायची करवत) घेऊन बसू नका. माझी पद्धत ऐका. लेकरांची खेळायची क्ले आणा, वीस-तीस रुपयाची. कणीक घेऊ नका, वाळून पडते. क्लेचा लिंबाएवढा गोळा तिकोन्यावर दाबा, त्यात ट्वीटर बसवा, वायर तात्पुरती जोडा, दरवाजे-काचा बंद, इंजिन बंद, सीट रोज चालवता तशीच ठेवा. आणि मग तोंड वळवून वळवून ऐका. आधी दोन्ही सरळ स्वतःच्या नाकाकडं करा. लय चमकदार वाटेल, पहिले दोन मिनिट आवडेल, दहाव्या मिनिटाला डोकं दुखेल, आणि उजवा ट्वीटर जास्त ओरडेल कारण तो जवळ आहे. मग दोघांचं तोंड पुढच्या दोन सीटच्या मधोमध, छताच्या दिव्याच्या जरा खाली करा. आता काय झालं, उजवा जवळचा ट्वीटर तुमच्या कानाला तिरपा पडला म्हणून त्याचे वरचे सूर थोडे नरम झाले, आणि डावा लांबचा तुमच्याकडं जवळजवळ सरळ बघतो म्हणून तो पूर्ण ऐकू येतो. जवळचा थोडा दबला, लांबचा थोडा वाढला, गाणारा उजव्या आरशातून निघून मधाकडं सरकतो. एक पैसा न लावता. आणि शेजारी बसणाऱ्यालाही उलट बाजूनं तेच मिळतं.

ऐकायला काय लावायचं? डीजेचं गाणं लावू नका, त्यात ट्वीटर कळत नाही. मी खंजिरीचं भजन लावतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळं आपल्याकडं गावोगावी खंजिरी आहे, तिचा आवाज कानात बसलेला आहे. चामड्यावर बोट पडतं तो आवाज वूफरचा, कडेच्या झांजा वाजतात तो ट्वीटरचा. दोन्ही एकाच हातातून आल्यासारखे वाटले पाहिजेत. चामडं दरवाज्यात अन् झांजा काचेवर असं वेगळं वेगळं ऐकू आलं तर ट्वीटर वूफरपासून फार लांब गेलाय नाहीतर क्रॉसओव्हरवर (जाड आवाज वूफरला अन् बारीक ट्वीटरला वाटून देणारी डबी) दोघांचं भांडण आहे. नंतर नुसता बोलणारा माणूस लावा, बातम्या किंवा कीर्तन. ‘सासू’, ‘शेजारीण’, ‘साखर’ असल्या शब्दांत ‘स’ ‘श’ कानात सुईसारखे टोचले तर तोंड अजून तिरपं करा, किंवा क्रॉसओव्हरच्या डबीवर ० आणि उणे ३ डेसिबलचा खटका असेल तर उणे ३ वर घ्या. तिकोन्यात किंवा पिलरमध्ये लावला की बहुतेक वेळा उणे ३ च बरोबर बसतो कारण ट्वीटर कानाच्या जवळ येतो.

भांडणाचं म्हटलं ते असं. ३,००० हर्ट्झला लाट साडेअकरा सेंमीची असते आणि तिकोन्यापासून वूफर ५०-६० सेंमी खाली. म्हणजे दोघांचे आवाज कानापर्यंत येताना कोण पुढं कोण मागं याचा भरवसा नाही. म्हणून ट्वीटरच्या दोन वायरी उलट्या करून बघा, दोन्ही बाजूंच्या एकदमच, एकाच बाजूची नको. ज्या जोडणीत माणसाचा आवाज भरलेला, छातीतून आल्यासारखा वाटेल ती बरोबर. लोक म्हणतात प्लसला प्लसच पाहिजे. वूफरला हो. ट्वीटरला कान सांगेल तसं, १२ डेसिबलच्या (आवाज कापायच्या उताराचा आकडा) क्रॉसओव्हरवर तर पुष्कळदा उलटाच बरोबर बसतो.

तुमच्या अँड्रॉइड सिस्टीममध्ये टाइम डिलेचं, म्हणजे एखाद्या बाजूचा आवाज मुद्दाम उशिरा सोडायचं, पान आहे असं तुम्ही लिहिलं, फार चांगलं. मीटरटेपनं सीटच्या डोकं टेकायच्या जागेपासून दोन्ही ट्वीटरपर्यंत मोजा. फरक ५० सेंमी आला तर उजव्या, म्हणजे जवळच्या बाजूला १.४५ मिलिसेकंद डिले द्या. चुकून लांबच्याला देऊ नका, आठवड्यात एकजण तरी तसं करून येतो. एक लक्षात घ्या, तुमचा क्रॉसओव्हर डबीवाला आहे म्हणून एका बाजूच्या वूफरला आणि ट्वीटरला एकच डिले लागणार, वेगळा देता येत नाही. म्हणून आकड्यावर थांबू नका, डोळे मिटून ०.१ नं वरखाली करत जा, गाणारा डॅशच्या मधोमध आला की थांबा. आणि हा डिले फक्त ड्रायव्हरसाठी आहे, शेजारी बसलेल्या वहिनींना आवाज बिघडल्यासारखाच वाटेल. दोघं जास्त फिरत असाल तर डिले अर्धाच ठेवा, तोंड वळवण्यावर जास्त भर द्या.

वायरिंगचं थोडक्यात. वायर दरवाज्याच्या रबरी नळीतूनच न्या, बिजागरीवरून उघडी टाकली की सहा महिन्यात तुटते. काच पूर्ण खाली-वर करून वायर अडकत नाही ना ते पहा. ट्वीटर कधीच थेट जोडू नका, सेटसोबत आलेल्या डबीतूनच. कोणी म्हणेल डबी कशाला, एक कपॅसिटर लावून देतो. ४ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरड लावला तर तो साडेआठ हजार हर्ट्झच्या वरच काम करतो, मग वूफर आणि ट्वीटरच्या मधात मोठा खड्डा पडतो. १० लावला तर चार हजारापासून, पण एकट्या कपॅसिटरचा उतार इतका सपाट असतो की खालचा आवाजही ट्वीटरवर येतो आणि जोरात वाजवला की जळतो. डबी आहे तर डबीच वापरा. ती दरवाज्यात नको, पावसाळ्यात तिथं पाणी उतरतं, डॅशच्या खाली बांधा.

मागच्या दरवाज्यात अजून दोन ट्वीटर लावू का असंही विचारलंय. नका लावू. मागून बारीक आवाज आला की पुढं बसवलेला गाणारा पुन्हा मागं ओढला जातो. मागं साधे स्पीकर असतील तर फेडर (पुढच्या-मागच्या आवाजाचा तोल) पुढं घ्या, मागचे फक्त लेकरांना ऐकू जाईल इतके ठेवा.

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यावरून रोजचं येणंजाणं असेल तर जाळी असलेलाच ट्वीटर घ्या, रुई अन् धूळ घुमटावर बसते. साफ करताना बोट लावू नका, रेशमी घुमट दबला की निघत नाही. मऊ ब्रश, तोही हलक्या हातानं.

क्लेवर दोन दिवस गाडी तशीच चालवा. एकदा घाटंजीच्या खराब रस्त्यानं, एकदा नागपूर हायवेनं ८०-९० च्या वेगात, कारण उभ्या गाडीत गोड लागणारा आवाज हवेच्या सरसरीत वेगळा लागतो. तोंड पक्कं झालं की तिकोन्यावर पेन्सिलनं खूण करा, मग तिकोना दरवाज्यावरून काढून हातात घेऊन भोक पाडा, दरवाज्यावर असताना नाही, ड्रिल निसटलं तर काच जाते. आणि डाव्या-उजव्या तोंडाचा कोन हुबेहूब सारखा नाही आला तर घाबरू नका, माझ्या स्वतःच्या गाडीत डावा उजव्यापेक्षा बोटभर जास्त आत वळलेला आहे. मोजून झालं की दोन्ही अंतरं आणि एअरबॅग किती ते लिहा, डिलेचा आकडा मी बघून सांगतो.